सर्व्हेअर येईपर्यंत छप्पर उघडंच ठेवायचं का?

पत्राचा गोषवारा: पत्र एका ताईंचं आहे. त्या नोकरीनिमित्त मुंबईत, धाकटा भाऊ बंगळुरात आणि सत्तरीतली आई कोकणातल्या घरी एकटी. घर जुनं, कौलारू, आईच्या नावावर; पुढच्या बाजूला पत्र्याची पडवी. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वादळात समुद्राकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या त्या उताराची, बरीच कौलं उडाली. आंब्याची फांदी पडवीवर कोसळली, पत्रे वाकले, त्यातले दोन उडून परसात पडले. तीन वर्षांपूर्वी घराच्या कामासाठी बँकेचं कर्ज घेतलं तेव्हा बँकेनंच विमा करून दिला होता. विम्याचा हप्ता खात्यातून परस्पर जातो, पॉलिसी मात्र कुणी वाचलेली नाही. वादळाला बारा दिवस झाले, शाखेत तोंडी सांगून ठेवलंय, नुकसान मोजणारा सर्व्हेअर आलेला नाही. भाऊ म्हणतो, सर्व्हे होईपर्यंत एका कौलालाही हात लावायचा नाही, नाहीतर क्लेम जाईल. आई तोवर गळतीखाली भांडी मांडून बसलीय. गावातला कंत्राटदार म्हणतो, 'सगळं छप्पर काढून रंगीत पत्रे टाकू, बिल पूर्ण छपराचं करू, स्वयंपाकघरावरची जुनी गळतीही त्यातच घालू. कंपनी निम्मे कापतेच, म्हणून दुप्पट लावायचे.' ताईंचा प्रश्न असा: थांबायचं की काम सुरू करायचं? आणि कंत्राटदाराचं ऐकलं तर त्यात गैर काय, इतके हप्ते भरलेच आहेत ना?

ताई,

पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मनात आल्या त्या आई. पाऊस तोंडावर आहे, घरातल्या तारांत वीज खेळतेय आणि सत्तरीतलं माणूस रात्री उठून भरलेली भांडी रिकामी करतंय. म्हणून आधी छपराचं बोलू, मग क्लेमचं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. तुमच्या घरात नेमका तोच गैरसमज होऊन बसलाय.

'सर्व्हे होईपर्यंत हात लावायचा नाही' हे भावानं ऐकलेलं अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं की सर्व्हेआधी कायमची दुरुस्ती करायची नाही आणि पुरावा फेकायचा नाही. तात्पुरतं झाकायला मनाई नसते. उलट, नुकसान झाल्यावर ते आणखी वाढू नये म्हणून मालकानं वाजवी काळजी घ्यावी, अशीच विम्याची अपेक्षा असते. उघड्या पाख्यातून बारा दिवस पाणी आत येऊन माळ्याच्या फळ्या फुगल्या, वायरिंग गेलं, भिंतीचा गिलावा सुटला, तर सर्व्हेअर विचारणारच: यातलं वादळानं किती केलं आणि नंतरच्या हयगयीनं किती? ज्या क्लेमच्या काळजीनं भाऊ छप्पर उघडं ठेवायला सांगतोय, तोच क्लेम त्या उघड्या छपरामुळे कमजोर होत चाललाय. ताडपत्री आजच्या आज घालून घ्या.

घालण्याआधी फोटो. हे काम तुम्हाला मुंबईतून करता येणार नाही. शेजारचा एखादा कॉलेजातला मुलगा मदतीला घ्या आणि व्हिडिओ कॉलवर त्याच्याकडून नीट करून घ्या. आधी चारही कोपऱ्यांवरून अख्खं घर, मग उडालेलं पाखं, मग आतून वर बघत प्रत्येक खोली, आणि शेवटी जवळून: तुटलेलं कौल, मोडलेली रीप (कौलांखालची लाकडी पट्टी), पत्र्याला पडलेलं भोक. जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवायची, म्हणजे आकार कळतो. आंब्याची फांदी तोडून बाजूला करण्याआधी ती पडवीवर जशी पडलीय तशी दिसली पाहिजे. मूळ फोटो फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधे पाठवले की ते बारीक होतात आणि त्यातली तारीख-वेळेची माहितीही निघून जाते. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुटकी कौलं, वाकलेले पत्रे, उपटून आलेले हुक आणि स्क्रू परसात एका बाजूला रचून ठेवा. भंगारवाला दारात आला तरी सर्व्हे होईपर्यंत काहीही द्यायचं नाही.

आता ताडपत्री. आईंनी किंवा फोटो काढणाऱ्या मुलानं वर चढायचं नाही. ओल्या कौलावर पाय ठरत नाही आणि जुन्या सिमेंट पत्र्यावर मधोमध पाय दिला तर माणूस थेट खाली येतो. छपरावर वावरायची सवय असलेला मिस्त्रीच चढवा. चढण्याआधी मेन स्विच बंद. ताडपत्री नुसती भोकावर पसरून भागत नाही. ती आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, पलीकडच्या पाख्यावर चांगली उतरली पाहिजे, नाहीतर वरून ओघळणारं पाणी तिच्याखाली शिरतं. खालची कड वळचणीच्या बाहेर काढायची. कड लाकडी पट्टीला गुंडाळून ती पट्टी वाशांना बांधायची. दगड आणि विटा ठेवू नका, पुढच्या वाऱ्यात तेच खाली येतात. ज्या खोलीत पाणी झिरपलंय तिथलं वायरिंग इलेक्ट्रिशियननं तपासल्याशिवाय दिवा-पंखा लावायचा नाही. मिस्त्रीची मजुरी, ताडपत्रीचं बिल, सगळं जपून ठेवा आणि क्लेमबरोबर मांडा. हा खर्च नुकसान थांबवायला केलेला आहे.

एवढं झालं की कागद.

बँकेच्या शाखेत तोंडी सांगणं म्हणजे विमा कंपनीला कळवणं नव्हे. बँकेनं विमा करून दिला तरी करार घरमालक आणि कंपनी यांच्यात असतो. बँकेकडून पॉलिसीची प्रत आणि नंबर मागून घ्या, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा आणि त्याच दिवशी ईमेलही करा. वादळाची तारीख, काय मोडलं, पुढचं नुकसान टाळायला ताडपत्री घातलीय, सर्व्हेअर पाठवा, एवढं चार ओळींत लिहा आणि क्लेम नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. बारा दिवस गेले म्हणून सगळं संपलं असं समजू नका. निव्वळ उशिरा कळवलं एवढ्याच कारणावरून खरा क्लेम नाकारू नये, असं विमा नियामक इर्डाईनं २०११ सालीच परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलेलं आहे. उशिराचं खरं कारण ईमेलमध्ये सरळ लिहा: बँकेत कळवलं होतं, तेच पुरेसं वाटलं. इर्डाईच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे क्लेम कळवल्यावर सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा असतो, त्याचा अहवाल १५ दिवसांत यायचा असतो आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यायचा असतो. ही मुदत मोजायला सुरुवात होते ती कंपनीला कळवल्यापासून. म्हणून शाखेतल्या त्या तोंडी निरोपावर विसंबून आणखी एक दिवसही घालवू नका.

पॉलिसी हातात आली की नाव बघा. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देऊ लागल्या, आणि तुमचा विमा तीन वर्षांपूर्वीचा असल्यानं तो बहुधा हाच असेल. वादळ, चक्रीवादळ, पूर हे त्यात येतात. झाड कोसळून झालेलं नुकसानही येतं, म्हणजे तुमची पडवी दोन्ही बाजूंनी बसते. 'घर' या शब्दात पडवी, कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, छपरावरचे सौर पॅनेलही धरलेले असतात. लोक छपराचा क्लेम करतात आणि त्याच फांदीनं पाडलेल्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, विसरतात. राडारोडा उचलायचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत याच पॉलिसीत मिळू शकते. घरातल्या वस्तूंनाही इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. मात्र विमा फक्त वस्तूंचा किंवा फक्त इमारतीचा घेतलाय का, ते पहिल्या पानावर तपासा. भिजलेल्या गाद्या, फ्रिज, पंखे यांची यादी आईंना विचारून आजच करून ठेवा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कर्जाबरोबर आलेल्या विम्याची रक्कम कधी कधी घराच्या बांधकाम-किमतीपेक्षा बरीच कमी असते. समजा घर पुन्हा बांधायला २० लाख लागतील आणि विमा १० लाखांचाच आहे. इतर प्रकारच्या पॉलिसीत अशा वेळी २ लाखांच्या नुकसानीचे १ लाखच हातात पडू शकतात, कारण विमा निम्म्या किमतीचा म्हणून भरपाईही निम्मी. भारत गृह रक्षामध्ये ही कपात माफ आहे. विमा रकमेच्या मर्यादेत नुकसान पूर्ण धरलं जातं. सर्व्हेअरनं तरीही 'घराची किंमत जास्त, विमा कमी' म्हणून काट मारली, तर पॉलिसीतलं ते कलम दाखवा.

आता कंत्राटदार. तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तुम्ही तो शेवटी, जाता जाता विचारलाय.

'इतके हप्ते भरलेच आहेत' या वाक्यात हप्ता म्हणजे ठेव असं गृहीत धरलंय. तसं नाही. ज्यांच्या घराला काही झालं नाही त्यांच्या हप्त्यांतून ज्यांचं मोडलं त्यांचं उभं राहतं. तुमचा हक्क आहे, पूर्ण आहे, आणि तो वादळानं जे नेलं तेवढ्यावर आहे. भारत गृह रक्षाच्या मजकुरात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: नुकसान झालं त्या वेळी घर जसं होतं, जवळजवळ त्याच स्थितीत आणायला लागणारा दुरुस्तीखर्च कंपनी देते, आणि तो खर्च करून मग मागायचा असतो. म्हणजे कौलाच्या जागी रंगीत पत्रे ही सुधारणा आहे, भरपाई नव्हे. ती करायला कुणाची हरकत नाही, फक्त तिचे पैसे तुमचे.

स्वयंपाकघरावरची गळती तर वादळाआधीपासूनची आहे, हे तुम्हीच लिहिलंय. ती वादळाच्या नावावर घालणं म्हणजे खोटा दावा. दाव्यातला एखादा भाग जरी खोटा निघाला तरी सगळाच क्लेम बाद करायचा अधिकार कंपनीला असतो. दर्याकडच्या पाख्याचे हक्काचे पैसे स्वयंपाकघराच्या गळतीपायी घालवणं, हे हात दाखवून अवलक्षण होईल. शिवाय क्लेम आईंच्या नावावर आहे. सही त्यांची असेल. चौकशी झाली तर उत्तरं त्यांनाच द्यावी लागतील, कंत्राटदाराला नव्हे.

आणि हे ओळखायला सर्व्हेअरला फार कष्ट पडत नाहीत. परवा तुटलेल्या कौलाची कड विटकरी-लाल, स्वच्छ असते. दोन पावसाळ्यांपूर्वी तुटलेलं कौल त्याच कडेला काळं पडलेलं असतं, त्यावर शेवाळ धरलेलं असतं. वाऱ्यानं ओढून काढलेल्या स्क्रूच्या भोकाची कड फाटलेली आणि चकचकीत दिसते, गंजून मोठ्या झालेल्या भोकाची तपकिरी. नव्यानं मोडलेला वासा आतून फिका असतो. जुन्या गळतीचे डाग एकात एक वर्तुळांसारखे दिसतात, कारण दर पावसाळ्यात एक कड वाढते. याच खुणा तुमच्या बाजूनंही बोलतात, म्हणून दर्याकडच्या पाख्याच्या ताज्या खुणांचे फोटो जवळून काढा असं मी वर म्हटलं.

'कंपनी निम्मे कापतेच' हेही तपासून बघा. कापली जाते ती बहुतेकदा अशी रक्कम जिच्यामागे बिल नाही, माप नाही किंवा कारण नाही. 'छप्पर दुरुस्ती, एकूण अमुक रुपये' असं एका ओळीचं एस्टिमेट आलं की सर्व्हेअर स्वतःचा अंदाज लावणार, आणि तो हात राखूनच लावणार. म्हणून कंत्राटदाराकडून एकच आकडा घेऊ नका, तीन वेगळे कागद घ्या. पहिल्यावर फक्त वादळाचं नुकसान: किती चौरस मीटर पाखं, किती कौलं, किती फूट रीप, किती वासे, किती पत्रे, मजुरी वेगळी. दुसऱ्यावर जुनं दुखणं: स्वयंपाकघराची गळती, वाळवी लागलेलं लाकूड. तिसऱ्यावर तुम्हाला हवी असलेली सुधारणा. कंपनीकडे पहिलाच कागद जाईल. बाकीचे दोन तुमच्या घरातल्या विचारासाठी. हिशेब असा वेगळा मांडला की मनातला गोंधळही बराच मिटतो; कशासाठी भांडायचं आणि कशासाठी पैसे साठवायचे, हे समोर दिसतं.

कौलांचा आकडा तुम्ही स्वतः ताडून बघू शकता. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५-१६ लागतात. पाखं ४० चौरस मीटर उघडं पडलं असेल तर सहाशे-साडेसहाशे. कंत्राटदारानं हजार लिहिली असतील तर का, ते विचारा. एक खरं कारण असू शकतं, आणि ते सर्व्हेअरलाही पटवून द्यावं लागेल: जुन्या कारखान्याच्या साच्यातली कौलं आज मिळत नाहीत आणि नव्या साच्याची खाच जुन्या कौलात बसत नाही. मध्येमध्ये नवी घातली तर प्रत्येक सांध्यातून पाणी. अशा वेळी जाणते कारागीर धड राहिलेली सगळी जुनी कौलं उतरवून एका पाख्यावर एकत्र करतात आणि दुसरं पाखं अखंड नव्या कौलांचं करतात. धड कौलं उतरवून पुन्हा चढवायची ही मजुरी वादळामुळेच आलेली आहे, म्हणून ती पहिल्या कागदावर हक्कानं लिहा आणि शेजारी जुन्या-नव्या कौलाचा एकत्र फोटो लावा.

सगळ्या घरावर पत्रे टाकायचे की नाही, हा आता क्लेमचा प्रश्न उरला नाही, घराचा आहे. तरी त्यावर दोन शब्द, कारण वादळानंतर हाच निर्णय घाईत होतो. वारा छप्पर दाबून मोडत नाही, तो वर उचलतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कोपऱ्यांवर, वळचणीच्या कडेला आणि आढ्यापाशी असते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. एरवीच्या ताशी ६० च्या सोसाट्याच्या वाऱ्यापेक्षा छपरावर जवळजवळ चौपट ओढ. आता वजन बघा. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तेवढ्याच जागेला चार-पाच किलो. त्याच जुन्या वाशांवर कौलं काढून पत्रे टाकले की छप्पर आठपट हलकं होतं आणि वाऱ्याला उचलायला सोपं. कौलं गेली तर एकेक जातात. पत्रा सुटला तर सांगाड्यासकट जाऊ शकतो, आणि उडता पत्रा माणसाच्या जिवावर बेततो. तुमचे दोन पत्रे परसात पडले तेव्हा तिथे कुणी नव्हतं, हे नशीब.

पत्रे घालूच नयेत असं मी म्हणत नाही. घालायचे तर वासे भिंतीला लोखंडी पट्टीनं किंवा बोल्टनं जखडलेले हवेत, कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत स्क्रू जवळजवळ हवेत, स्क्रूखाली रबरी वॉशर हवा आणि खिळे अजिबात नकोत. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये यातलं काही नसेल, नुसतं 'रंगीत पत्रे' असेल, तर ते छप्पर पुढच्या वादळाला तयार नाही. कौलंच ठेवायची तर वळचणीच्या आणि कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढ्यावरची कौलं तारेनं किंवा स्क्रूनं रिपांना बांधून घ्या. हा खर्च छोटा आहे. माझं मत विचाराल तर तुमच्या घराला मी कौलं आणि ही बांधणी सुचवेन. त्याआधी आईंना विचारा. उन्हाळ्यात दुपारी त्या कुठे पडतात, पत्र्यावरचा पावसाचा आवाज त्यांना सोसवेल का, दर वर्षी कौलं चाळून घ्यायला गावात माणूस मिळतो का. पत्रात तुमचं, भावाचं आणि कंत्राटदाराचं मत आलं, त्यांचं नाही आलं. घर त्यांचं आहे.

कामाचा करार लेखी करा, साधा कागद चालेल. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. साहित्य दारात आल्यावर काही, आढं पूर्ण झाल्यावर काही, पहिला जोराचा पाऊस बघून उरलेले. 'क्लेमचं मी बघतो, इथे सही करा' म्हणणाऱ्याला कोरी सही द्यायची नाही. बिल पक्कं घ्या, कारण भरपाई झालेल्या खर्चावर मिळते.

सर्व्हेअर येईल त्या दिवशी तुमच्यापैकी एकानं तिथे असावं. रजा काढावी लागली तरी काढा. मिस्त्रीलाही थांबवून घ्या, शिडी तयार ठेवा, आणि सर्व्हेअरला माळ्यावर नेऊन आतून दाखवा. खालून अंगणात उभं राहून निम्मं नुकसान दिसत नाही. सर्व्हेअर इर्डाईचा परवानाधारक असतो, त्याची फी कंपनी देते, पण त्याचं काम नुकसान मोजणं आहे. त्याच्याशी वाकड्यात शिरू नका. स्वयंपाकघराची गळती त्यानं विचारली तर जुनी आहे, ती आम्ही मागत नाही, असं स्पष्ट सांगा. त्या एका उत्तरानं तुमच्या बाकीच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसायला मदत होईल. त्यानं काय मोजलं, काय लिहून नेलं, ते त्याच संध्याकाळी त्याला आणि कंपनीला ईमेलनं कळवून ठेवा.

गावात महसूल खात्याचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत घ्या, राहिला असेल तर ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे आजच विचारा. शासनाची मदत आणि विमा ही दोन वेगळी खाती आहेत, एकासाठी अर्ज केला म्हणून दुसरं आपोआप होत नाही. पण वादळ त्या तारखेला त्या गावात झालं याचा पंचनामा हा चांगला पुरावा आहे. हवामान खात्याचे त्या दिवसाचे इशारे आणि वर्तमानपत्रातली कात्रणंही जोडा.

पैसे मंजूर झाले की ते कदाचित थेट आईंच्या खात्यात येणार नाहीत. कर्ज चालू असेल तर पॉलिसीत बँकेचं नाव असतं आणि रक्कम बँकेकडे जाऊ शकते. शाखा व्यवस्थापकाला आधीच पत्र द्या की ही रक्कम दुरुस्तीसाठी आहे, बिलं जोडतो, ती कर्जात वळती न करता सोडावी. हे पत्र रक्कम येण्याआधी दिलेलं बरं, नंतर घोंगडं भिजत पडतं.

रक्कम कमी वाटली तर सर्व्हे अहवालाची प्रत मागा आणि प्रत्येक कपातीचं कारण लेखी विचारा. समाधान झालं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग इर्डाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. कंपनीनं तक्रार नाकारली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईच्या तक्रारी चालतात. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा रस्ताही दोन वर्षांपर्यंत खुला असतो. कमी रकमेच्या पावतीवर आईंची सही घ्यायला कुणी घाई केली तर 'रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारत आहे' असं सहीच्या वर लिहून मगच सही करू द्या.

स्वयंपाकघराची गळती राहिली. मिस्त्री आणि शिडी दारात असतानाच ती स्वतःच्या खर्चानं करून घ्या, मजुरी कमी पडेल. आणि काम पूर्ण झाल्यावर नव्या छपराचे फोटो, आतले-बाहेरचे, बिलांबरोबर एका ईमेलमध्ये स्वतःलाच पाठवून ठेवा. पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी कंपनीला छपरातला बदल कळवा, विम्याची रक्कम आजच्या बांधकाम दरानं लावून घ्या आणि पॉलिसीची एक प्रत आईंच्या कपाटात, एक तुमच्याकडे आणि एक भावाकडे असू द्या.